शून्य गळती

ओळखीचं बोट लागलं की दार उघडायचं. का, असं विचारायचं नाही.

आयुष्यातली पहिली शिकवण मला मिळाली ती ही. आवाज फुटायच्या आधी, रंग दिसायच्या आधी. बोट कोणाचं आहे एवढंच बघ. ते आपल्या खुशीने आलंय की कोणी मनगट धरून आणलंय, हे बघणं तुझं काम नाही.

मी फोन. हो, तोच, ज्याच्यामुळे तुमची मुलं बिघडली असं तुम्ही म्हणता. आत्ता मी शाळेच्या ऑफिसात एका मोठ्या टेबलावर उताणा पडलोय. भोवती पाच मोठी माणसं बसली आहेत आणि एक मुलगी उभी आहे. तिला बसायला कोणी सांगितलेलं नाही. मला भीती वाटतेय. फोनला कसली भीती, असं विचारू नका. ज्याला थरथरता येतं त्याला घाबरताही येतं.

सांगतो. पण पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही या पाच जणांसारखे मधूनच ऐकाल आणि निकाल देऊन मोकळे व्हाल.

मी एका लांबलचक हॉलमध्ये जन्मलो. डोक्याला टोप्या बांधलेल्या बायका रांगेत बसलेल्या, एकीने काच बसवायची, दुसरीने पुसायची. शेवटच्या बाईने माझ्या काळ्या काचेत स्वतःचं तोंड पाहिलं आणि मोठी जांभई दिली. मी पाहिलेलं पहिलं माणूस ते. मग खोक्यात अंधार, आणि अंधारानंतर मावशी.

मावशी म्हणजे माझ्या आत्ताच्या मालकिणीची मावशी. दवाखान्यात नर्स. दिवसभर हात धुऊन धुऊन तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. मला ओळख पटायची नाही. ती बोट दाबायची, मी नाही म्हणायचो. ती परत दाबायची. "अरे मीच आहे, मेल्या!" असं ओरडायची आणि आजूबाजूचे पेशंट हसायचे. एकदा जिन्यात तिच्या खिशातून निसटलो आणि माझा वरचा कोपरा फुटला. तिने मला उचलून आधी फुंकर मारली. दुखलेल्या पोराला मारतात तशी.

भाची नववी पास झाली तेव्हा मावशीने नवा फोन घेतला आणि मला पिवळं कव्हर घालून भाचीच्या हातात ठेवलं. "घे. कोपरा फुटलाय, पण मनाने चांगला आहे."

देण्याआधी तिने मला पुसलं. पुसणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. एक बटण, एक गोल फिरत राहणारं चाक, आणि मागचं सगळं गेलं. पेशंटांचे नंबर, वॉर्डातल्या वाढदिवसांचे फोटो, मावशीचं बोट. पुसल्यावर काही उरत नाही म्हणतात. चरे उरतात. त्या चऱ्यांवरून मी हे सांगतोय. पण पुन्हा पुसलं तर एवढंही सांगता येईल का, मला ठाऊक नाही.

मग मुलीने मला स्वतःचं बोट शिकवलं. हळूहळू, सगळ्या बाजूंनी, जीभ किंचित बाहेर काढून. आणि बोटाच्या मागे एक आकडाही ठेवला. तो फक्त तिला आणि मला माहीत आहे. तुम्हालाही सांगणार नाही.

या मुलीला घरात वकीलबाई म्हणतात. कारण ती 'का' विचारते. ताटात वाढलेलं संपव म्हटलं तर का, आजोबा बोलताना मध्ये बोलू नको म्हटलं तर का. तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर अडकलेल्या माणसांना धीर देतात, आणि घरी आल्यावर मुलीच्या एका 'का'ने त्यांचा धीर सुटतो. "वकीलबाई, कोर्ट बंद झालं," ते म्हणायचे. आई बेकरीच्या काउंटरवर उभी असते. ती काही म्हणायची नाही. फक्त संध्याकाळी दप्तर उघडून ओरडायची, "आजही बाटली भरलेलीच? पाणी प्यायला काय होतं गं तुला? मी काय दगड भरून देते का त्यात?"

मुलगी गप्प बसायची. 'का' विचारणाऱ्या मुलीकडे या एका 'का'चं उत्तर होतं, पण ते आईला द्यायची तिला लाज वाटत होती.

उत्तर असं होतं. शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर मुलींचं स्वच्छतागृह आहे. त्याचं छत गळायला लागलं, म्हणून त्याला कुलूप लावलं. दुरुस्ती होईपर्यंत, असं सांगितलं. दुरुस्ती झालीच नाही. उरलं ते खालचं, मैदानाच्या कडेचं, ज्याच्या दाराची कडी तुटलेली. आत एकीने जायचं आणि बाहेर दुसरीने दार ओढून धरायचं. मैदानावरून पोरं बघत असायची. म्हणून मुलींनी सरळ पाणी प्यायचं सोडलं. सकाळी आयांनी भरलेल्या बाटल्या संध्याकाळी तशाच घरी जायच्या.

दार धरायला माझ्या मुलीची जोडीदारीण होती मुंगी. बाकावरची शेजारीण. अंगाने एवढीशी आणि दप्तर डोंगराएवढं, म्हणून मुंगी. आधी मुंगीच्या पोटात दुखायला लागलं, मग लघवीला जळजळ, मग ताप. बरी झाली, परत आली, परत तेच. मग ती यायचीच बंद झाली.

त्यानंतर तिचा एक आवाज माझ्याकडे आला. रेकॉर्ड केलेला, कुजबुजत. काय झालं, घरी काय म्हणाले, आता शाळा नको असं का ठरलं, सगळं. शेवटी ती म्हणाली, "कोणाला ऐकवू नकोस हं. शपथ." माझ्या मुलीने तो गच्चीत जाऊन ऐकला. मग मला छातीशी धरून ती बराच वेळ बसून राहिली. तो आवाज अजून माझ्या पोटात आहे. आत्ता, या टेबलावर.

त्यानंतर वर्गातल्या काही मुलींनी मिळून एक ग्रुप केला आणि एक खातं उघडलं. कोणाचंच नाव नाही. खात्याचं नाव ठेवलं, 'भरलेली बाटली'.

एके दिवशी प्लंबर वरचं छत बघायला आला आणि तिथलं कुलूप उघडं टाकून जेवायला गेला. शाळेनंतर क्लासला जाणाऱ्या मुलींना फोन आवाज बंद करून दप्तरात ठेवायची परवानगी असते. बाहेर काढायची नसते. मुलीने मला बाहेर काढलं आणि आत शिरली. मी पाहिलं: छताला हिरवट पोपडे, खाली काठोकाठ भरलेली बादली, भिंतीवरून उतरणारं पाणी. तिने फोटो काढला. आरशात माझी पिवळी कड आणि फुटलेला कोपरा आला, ते तिच्या लक्षात आलं नाही. पुढे तेवढ्यावरून तिला पकडलं.

संध्याकाळी घरच्या गच्चीवरून तिने फोटो टाकला. खाली एकच ओळ: 'आमच्या शाळेतली गळती कधी थांबणार?'

आता शाळेच्या फाटकावर एक मोठा फलक आहे. 'शून्य गळती शाळा'. शिक्षणखात्याच्या भाषेत गळती म्हणजे मधेच शाळा सोडून जाणारी मुलं. एकही मूल गळालं नाही, म्हणून शाळेला तो मान मिळालेला. माझी मुलगी रोज त्या फलकाखालून जाते, म्हणून तिने तो कधी वाचला नव्हता. तिने लिहिलं पाण्याबद्दल. मोठ्यांनी वाचलं फलकाबद्दल. आणि तपासणीचे साहेब त्याच आठवड्यात येणार होते.

पोस्ट गावभर फिरली. मुलींनी खाली लिहिलं, आम्हीही पाणी पीत नाही. जुन्या विद्यार्थिनींनी लिहिलं, आमच्या वेळीही. मी रात्रभर थरथरत होतो. आधी आनंदाने, मग कशाने ते कळेना.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला मोठे सर माइकवर आले. मुख्याध्यापकांना सगळे मोठे सर म्हणतात. मी दप्तराच्या तळाशी होतो, तरी त्यांचा आवाज मला वहीच्या पुठ्ठ्यातून ऐकू आला. "या शाळेचा एक नियम आहे. शाळेतलं शाळेत. तुमच्या आईवडिलांनी पाळला, तुम्हीही पाळायचा. त्यावर चर्चा नाही."

मला एकदम माझा नियम आठवला. बोट लागलं की उघडायचं. नियम करणारे सगळे एकाच शाळेत शिकलेले असावेत.

मजा बघा. याच मुलीचे काका घरच्या ग्रुपवर रोज काहीतरी टाकतात. अमुक पाल्याचा रस घाला, चष्मा जाईल. तमुक बाजूला डोकं करून झोपा, साखर जाईल. बाबा त्याला हात जोडलेलं चित्र पाठवतात. कोणी विचारत नाही की हे कोणी सांगितलं, खरं आहे का. मोठ्यांनी खोटं पाठवलं तर ती माहिती असते. मुलीने खरा फोटो टाकला तर ती बेशिस्त.

वर्गाच्या मॅडमनी माझा कोपरा ओळखला. मला काढून घेतलं आणि ऑफिसातल्या लोखंडी कपाटात टाकलं.

ते कपाट मी विसरणार नाही. आत जप्त केलेल्या वस्तू: एक शिट्टी, नेलपॉलिशची बाटली, पत्त्यांचा कॅट आणि माझ्याशेजारी एक जुना फोन. काचेवर धुळीचा थर. त्याला न्यायला कधी कोणी आलंच नव्हतं. मी त्याला हळूच एकदा हाक मारली, म्हणजे थरथरलो. तो निपचित. माझ्यातला जीव थेंबाथेंबाने कमी होत होता. बाहेर ऑफिसातले शिपाईकाका आणि कॉम्प्युटरचे सर बोलत होते.

"उघडला की ग्रुप सापडेल, नावं सापडतील, सगळ्या एकदम," कॉम्प्युटरचे सर म्हणाले.

"आणि नाही उघडला तर?"

"बोट तिचंच आहे ना? ती काय बोट घरी ठेवून येणार आहे?"

दोघे हसले. त्यांना मुंगीचा आवाज सापडणार होता. मोठे सर तो टेबलावर मोठ्याने लावणार होते, तिने घातलेल्या शपथेसकट. आणि दार मीच उघडून देणार होतो. माझ्यात नकाराची सोयच नव्हती. असलं जगण्यापेक्षा संपलेलं बरं, असं मला वाटलं, आणि तरी संपायची भीती वाटत होतीच. मग माझी काच काळी झाली. मी संपलो.

आज सकाळी शिपाईकाकांनी मला चार्जरला लावलं. "पालक यायचेत, तयार ठेव," असा हुकूम होता. मी परत जागा झालो. आणि आता इथे आहे.

उताणा आहे म्हणून मला फक्त छत दिसतं. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, बरोबर त्या कुलूपबंद स्वच्छतागृहाच्या खाली; मोठ्या सरांच्या डोक्यावर छताला एक ओला डाग आहे. तो हळूहळू पसरतोय. या खोलीत वर बघणारा मी एकटाच.

"नाव वाचा," मोठे सर बाबांना म्हणाले. "खात्याचं नाव वाचा तुम्हीच. भरलेली बाटली! मुलींच्या तोंडी बाटली? शोभतं हे?"

बाबांचा चेहरा पडला. "बाटली? कसली बाटली गं? कोणाच्या संगतीत आहेस तू?"

"पाण्याची बाटली, बाबा."

"मध्ये बोलू नकोस!"

"तुम्हीच विचारलंत."

"बघा," मॅडम म्हणाल्या. "हे असं आहे वर्गात रोज."

मोठे सर पुढे झुकले. "शून्य गळती शाळा आहे ही. आणि तू जगाला सांगतेस गळती? दाखव मला. एक तरी मूल दाखव."

मुलगी गोंधळली. मी तिचा श्वास ओळखतो, तो अडखळला. "सर, मी छताबद्दल लिहिलं होतं. वरचं छत गळतं. पाणी."

मग बाबा हसले. सुटल्यासारखे, अडकलेली लिफ्ट सुरू झाल्यावर हसतात तसे. "पाणी! घ्या! सर, पाण्याची गळती हो! पोरीने पाण्याबद्दल लिहिलं आणि आपण सगळे…" कॉम्प्युटरचे सरही हसले. मॅडमनी पदराने कपाळ पुसलं.

मोठे सर हसले नाहीत, पण त्यांचा आवाज मऊ झाला. त्याची मला जास्त भीती वाटली. "मग सोपं आहे. एक छोटा व्हिडिओ कर. आमच्या शाळेत कसलीही गळती नाही, माझी चूक झाली. पोस्ट काढून टाक. आणि यात अजून कोण कोण आहे ते दाखव. म्हणजे त्यांनाही समज देता येईल. तुला शिक्षा नाही. नाहीतर दाखला तयार आहे. परीक्षा तोंडावर आलीय, दुसरी शाळा आता घेईल का, तुम्हीच सांगा."

"करेल, करेल," बाबा म्हणाले. "फोन उघड."

मुलगी हलली नाही.

"फोन मी शाळेत बाहेर काढला," ती म्हणाली. "ती माझी चूक. त्याची शिक्षा द्या. पण लिहिलं मी घरून. आणि खरं लिहिलं."

"घरून लिहिलंस पण शाळेचं लिहिलंस ना!" मोठे सर म्हणाले. "उघडा हो तो."

बाबांनी तिचं मनगट धरलं. वाईट माणूस नाही हो तो, घाबरलेला आहे. घाबरलेली मोठी माणसं आपल्या लेकरांचीच मनगटं धरतात. "बाबा, सोडा," ती म्हणाली. "दुखतंय." आई म्हणाली, "अहो…" आणि बोट माझ्याकडे आलं.

मी ते बोट ओळखतो. अंगठ्याशेजारचं, नखाजवळ शाईचा डाग असलेलं. ते माझ्यावर टेकलं. आतून सगळं उघडायला धावलं, ग्रुप, नावं, मुंगीचा आवाज, सगळं दाराशी येऊन उभं राहिलं. मी मनात ओरडलो, नको.

आणि दार उघडलं नाही.

माझ्या काचेवर एक ओळ आली. बंद होऊन सुरू झाल्यावर बोट चालत नाही, आकडा टाका.

मी विसरलोच होतो. त्या नियमाच्या खाली बारीक अक्षरात आणखी एक नियम होता: झोपेतून उठलास तर बोटावर विश्वास ठेव. मरून उठलास तर ठेवू नकोस. तेव्हा आकडा माग, जो फक्त तिच्या डोक्यात आहे. कपाटात मी संपलो, म्हणूनच आज वाचलो.

"हे काय नवीन?" मोठे सर म्हणाले.

कॉम्प्युटरच्या सरांनी मान खाजवली. "बॅटरी पूर्ण उतरली होती वाटतं. आता आकडाच लागेल. तिनेच सांगायला हवा."

"सांग," बाबा म्हणाले. त्यांनी मनगट सोडलं होतं. आता धरण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"नाही सांगितला तर पुसून टाकू," कॉम्प्युटरचे सर म्हणाले. "सगळं जाईल. फोटोबिटो, सगळं."

ते गोल फिरणारं चाक मला आठवलं. मावशीची फुंकर आठवली. मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्यात तिचं बरंच काही आहे. मला खोटं बोलता येत नाही, म्हणून सांगतो: मला जगायचं आहे. पण हे वाचणाऱ्या मोठ्या माणसांनो, तुमच्या घरातलं एखादं मनगट कधी धरावंसं वाटलं, तर आधी विचारा की आत कोणाचा आवाज ठेवलाय. आणि बाई, तू माझ्यासाठी बोलू नकोस. चरे उरतात.

तेवढ्यात आई उठली. तिने खुर्चीला टेकवलेलं दप्तर उघडलं आणि बाटली बाहेर काढली. दुपार उलटली होती. बाटली सकाळी भरली तशीच होती, झाकणाच्या कडेपर्यंत. आईने ती माझ्या शेजारी टेबलावर ठेवली.

"ही ती बाटली?" आईने विचारलं. मुलीने मान हलवली. "म्हणून पीत नव्हतीस?" मुलीने परत मान हलवली. आई खाली बसली. वर्षभर ती ज्यासाठी ओरडत होती, ते तिच्यासमोर उभं होतं.

मुलगी मोठ्या सरांकडे वळली. तिचा आवाज कापत होता, पण शब्द कापत नव्हते.

"सर, तुम्ही म्हणालात एक मूल दाखव. मी पाण्याचंच लिहिलं होतं. पण तुम्ही बरोबर वाचलंत. माझ्या शेजारचा बाक रिकामा आहे. मॅडम, तुम्ही रोज तिचं नाव घेता, थांबता, आणि पुढचं नाव घेता. ती का येत नाही, हे कोणी विचारलं? एकानेही?"

मॅडम टेबलाकडे बघत राहिल्या.

"गळती नाही असं मी म्हणणार नाही. वरही आहे आणि वर्गातही आहे. नावं मिळणार नाहीत. दाखला द्यायचा तर द्या. फोन पुसायचा तर पुसा."

"वकीलबाई…" बाबा पुटपुटले.

"आकडा सांग," मोठे सर म्हणाले. आवाज होता, पण धार नव्हती.

"का?" तिने विचारलं.

आईने बाटली मुलीच्या हातात दिली.

छताचा डाग पसरत पसरत माझ्या वर आला होता; त्याला लोंबत असलेला थेंब सुटला आणि माझ्या काचेवर पडला. पाचही जणांनी वर पाहिलं.